पात्याला काय दिसतं?

हातात घेतल्यावर ज्याच्यावरून नजर हटत नाही, तो चाकू फोटोत पत्र्याच्या तुकड्यासारखा का दिसतो? मोबाइल चांगला आहे, उजेड भरपूर आहे, फोकसही चुकलेला नाही. तरीही अर्धं पातं पांढरंफटक, अर्धं काळंकुट्ट आणि मधोमध फोटो काढणाऱ्याच्या शर्टाचा रंग! चाकू घडवणारे कारागीर हा प्रश्न विचारतात, चाकूंचे शौकीन विचारतात, आणि स्टीलचा जुना डबा ऑनलाइन विकायला काढणाऱ्यालाही तो पडतो.

हाती घडवलेल्या चाकूंच्या जगात या प्रश्नावर पोट अवलंबून असतं. या चाकूंचा आजचा बाजार मुख्यतः अमेरिकेत वाढला. १९७० मध्ये तिथे नाइफमेकर्स गिल्ड ही कारागिरांची संघटना उभी राहिली; शिकारीच्या चाकूला नवा घाट देणारे कॅलिफोर्नियाचे बॉब लव्हलेस तिच्या संस्थापकांपैकी एक. १९७३ मध्ये गिल्डच्या प्रदर्शनात बिल मोरन यांनी दमास्कस पोलादाचे चाकू मांडले आणि जवळजवळ विसरली गेलेली ती कला पुन्हा चर्चेत आली. १९७६ मध्ये मोरन यांच्याच पुढाकाराने अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. अशा कारागिराचा एकेक चाकू एकमेव असतो. ग्राहक हजार मैलांवर, आणि चाकू त्याच्या हातात पडायच्या आधीच पैसे दिलेले. सौदा होतो तो फोटोवर. म्हणून फक्त चाकूंचे फोटो काढणं हाही तिकडे एक व्यवसाय झाला. ओहायो राज्यातल्या टोलेडोचे जिम वेयर यांनी १९८० च्या दशकापासून ‘पॉइंट्स ऑफ इंटरेस्ट’ या नावाने अशा छायाचित्रांची पुस्तकंच काढली.

कॅमेरा कोणता घ्यावा, हे या प्रकरणात उशिरा आणि थोडक्यात येईल. आधी पोलादाचा स्वभाव पाहू.

१. मूठ उजळते, पातं दाखवतं

लाकडावर प्रकाश पडला की तो सगळ्या दिशांना विखुरतो. त्यामुळे टेबलाच्या कुठल्याही बाजूला उभं राहून पाहिलं तरी लाकडाचा रंग साधारण तोच दिसतो. कागद, कापड, भिंत, आपली त्वचा, सगळं याच जातीचं. अशा वस्तूवर दिवा टाकला की ती उजळते, आणि फोटो काढणाऱ्याची सगळी सवय अशा वस्तूंवर पोसलेली असते.

पॉलिश केलेलं पोलाद दुसऱ्या जातीचं. त्यावर ज्या कोनातून प्रकाश येतो, त्याच कोनातून तो पलीकडे निघून जातो. शाळेत शिकलेला परावर्तनाचा नियम तो हाच. याचा अर्थ असा की पात्याला स्वतःचा उजेड-अंधार जवळपास नसतोच. कॅमेऱ्याच्या जागेवरून पाहिलं असता पात्यात खोलीचा जो भाग दिसेल, तोच पात्याचा रंग.

लगेच करून पाहा. स्वयंपाकघरातलं सपाट, चकचकीत उलथणं खिडकीपाशी धरा. त्यात खिडकी दिसेल अशा बेताने कलवलं की ते पांढरं होतं. थोडं फिरवून त्यात उघड्या दाराचा अंधार आणला की ते काळं होतं. खिडकीतला उजेड तेवढाच आहे, उलथणंही तेच आहे. बदललं ते त्याच्यात दिसणारं दृश्य.

फ्लॅशने काढलेले चाकूचे फोटो का फसतात हे आता कळेल. फ्लॅश म्हणजे प्रकाशाचा छोटा ठिपका. पात्यात त्या ठिपक्याचं प्रतिबिंब पडलं तर तेवढीच जागा जळून पांढरी होते. उरलेल्या पात्यात अंधारी खोली दिसते, म्हणून ते काळं येतं. फ्लॅश दुप्पट जोरात मारला तर ठिपका आणखी जळतो आणि काळं ते काळंच राहतं.

म्हणून पात्यासाठी दिवा शोधायच्या आधी एक मोठा पांढरा पृष्ठभाग शोधावा लागतो. दिवा त्या पृष्ठभागाला उजळतो आणि पातं त्या पृष्ठभागाला दाखवतं. हा पृष्ठभाग कशाचाही चालतो: थर्माकोलची शीट, पांढरा पुठ्ठा, लाकडी चौकटीवर ताणलेला आणि मागून उजळलेला बटर पेपर. स्टुडिओतला महागडा सॉफ्टबॉक्सही शेवटी एक उजळलेलं पांढरं कापडच असतं.

२. पांढरा कागद केवढा हवा?

याचं उत्तर साध्या हिशेबाने निघतं. समजा, पातं ३० सेंटीमीटर लांब आहे, सपाट टेबलावर आडवं आहे आणि कॅमेरा त्याच्या बरोबर वर ९० सेंटीमीटरवर आहे. आता पात्याच्या जागी टेबलाला तेवढीच आरपार फट आहे आणि कॅमेरा टेबलाच्या खाली ९० सेंटीमीटरवरून त्या फटीतून वर पाहतो आहे, अशी कल्पना करा. आरशाच्या भूमितीत या दोन्ही गोष्टी एकच.

कागद टेबलापासून ४५ सेंटीमीटर उंचीवर धरला तर खालच्या कॅमेऱ्यापासून तो ९० अधिक ४५, म्हणजे १३५ सेंटीमीटर दूर होतो. १३५ ही ९० ची दीडपट. म्हणून कागदही पात्याच्या दीडपट, किमान ४५ सेंटीमीटर लांब हवा. तोच कागद कॅमेऱ्याच्याच उंचीला नेला तर ६० सेंटीमीटर लागेल, आणि १५ सेंटीमीटरवर आणला तर ३५ पुरेल. कागद जवळ आणाल तितका लहान चालतो. नवशिक्याच्या फोटोत पात्याचं टोक अचानक काळं पडलेलं असतं, त्याचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं: टोकाला दिसणाऱ्या जागेपर्यंत कागद पोचलेला नाही.

या मांडणीत एक गोची आहे. कॅमेरा बरोबर वर असेल तर सपाट पात्यात मधोमध कॅमेराच दिसणार. उपाय सोपा आहे. पात्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध असलेली जाड कड, खाली क्लेची छोटी गोळी ठेवून जराशी उचलायची. आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब सरकतं. पातं ५ अंश कललं की त्याची नजर १० अंशांनी वळते, आणि ९० सेंटीमीटर उंचीवर १० अंश म्हणजे सुमारे १६ सेंटीमीटर. पात्याला आता लेन्स दिसत नाही. तिच्या बाजूला १६ सेंटीमीटरवर जे असेल ते दिसतं. कागदाची जागा तिथे.

पाठच का उचलायची, धार का नाही, हे पुढच्या भागात कळेल.

३. कारागिरी कोनांमध्ये असते

चाकू जाणणारा माणूस चाकूत काय पाहतो? पात्याचे दोन्ही उतार सारखे उतरले आहेत का. पात्याचा सपाट भाग संपून उतार सुरू होतो ती रेघ स्वच्छ आहे की लडबडलेली. मुठीजवळ उतार जिथे थांबतो तिथला वळसा दोन्ही बाजूंना एकाच जागी आहे का. हाताने पट्ट्यावर घासून हे साधायला वर्षं लागतात, आणि या सगळ्या गोष्टी कोनांच्या आहेत. उताराचा रंग सपाट भागासारखाच असतो, पोलाद तेच असतं. फरक असतो तो काही अंशांच्या कलाचा. फोटोत तो कल उजेडातल्या फरकाने दाखवावा लागतो.

किती अंशांचा? पात्याची पाठ ४ मिलिमीटर जाड आणि पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर ३० मिलिमीटर धरू. धारेपर्यंत जाडी जवळपास शून्यावर येते, म्हणजे एका बाजूने ३० मिलिमीटरमध्ये २ मिलिमीटर उतार. हा कोन ४ अंशांहूनही किंचित कमी. बोटाला जेमतेम जाणवणारा. पण दुपटीच्या नियमामुळे उताराची नजर सपाट भागाच्या नजरेपासून जवळपास ८ अंश दूर जाते, आणि ९० सेंटीमीटर उंचीवर ते अंतर १२ सेंटीमीटर होतं.

आता मागचा हिशेब याला जोडा. पाठ ५ अंश उचललेली असताना मुठीजवळचा सपाट भाग लेन्सपासून १६ सेंटीमीटरवरची जागा पाहतो आहे. उतार धारेकडे झुकलेला, म्हणून तो त्याच दिशेला आणखी १२ पुढची, म्हणजे २८ सेंटीमीटरवरची जागा पाहतो. पांढरा कागद लेन्सच्या बाजूपासून २२ सेंटीमीटरपर्यंत ठेवून तिथेच संपवला, तर सपाट भाग उजळ दिसेल, उतार गडद दिसेल आणि दोघांच्या मधली रेघ सुरीने कापल्यासारखी उठेल. पाठीऐवजी धार उचलली असती तर? सपाट भागाची नजर उलट दिशेला १६ सेंटीमीटर गेली असती, उतार १२ सेंटीमीटर परत आला असता आणि लेन्सच्या अवघ्या ४ सेंटीमीटर शेजारी पाहू लागला असता. उतारात कॅमेरा दिसला असता.

प्रत्यक्षात कोणी फूटपट्टी घेऊन बसत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत हातातला कागद हळूहळू सरकवायचा. कुठल्या जागी कुठला भाग पेटतो ते दिसत जातं. पण हिशेब एकदा डोक्यात बसला की काय शोधायचं ते कळतं.

ऑनलाइन मिळणारा पांढऱ्या कापडाचा लाइट टेंट हाताने घडवलेल्या चाकूसाठी मला चुकीचा का वाटतो, तेही आता सांगता येईल. तंबूत सगळीकडे सारखंच पांढरं. सपाट भागाला पांढरं दिसतं, उतारालाही पांढरंच, त्यामुळे पातं पुठ्ठ्यातून कापल्यासारखं येतं. भर दुपारी सह्याद्रीचे डोंगर सपाट दिसतात आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांची धार न् धार वेगळी दिसते, तसंच हे आहे. तंबू वापरायचाच असेल तर आतल्या एका बाजूला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी टांगावी. त्या एका पट्टीने फोटोत जीव येतो. पांढऱ्या कागदाइतकाच काळा पुठ्ठा हे या कामातलं हत्यार आहे, आणि ते वापरायला लोक उगाच बिचकतात.

तंबूची खरी जागा आहे ती वळणदार वस्तूंसाठी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या अडकित्त्यांचा सुंदर संग्रह आहे. तसा एखादा पितळी अडकित्ता घरात असेल तर त्याचा फोटो काढून पाहा. त्याच्या गोलाव्यात अख्खी खोली दिसते, वरचा पंखासुद्धा. गोल पृष्ठभागाला एका वेळी सगळीकडची नजर असते, म्हणून त्याला सगळीकडून वेढावं लागतं.

उतारांच्या जातीही फोटोत वेगळ्या वागतात. सरळ उतार नीट घासलेला असेल तर तो एकसारख्या छटेचा दिसतो. कारागिराचा हात हलला असेल तर छटेत लाट येते. लव्हलेस यांच्या चाकूंवरचा प्रसिद्ध उतार आत खोलगट असतो, कारण तो गोल चाकावर घासला जातो. खोलगट उताराचा कोन पाठीपासून धारेपर्यंत हळूहळू बदलतो, म्हणून त्यात उजेडाकडून अंधाराकडे जाणारी सलग छटा दिसायला हवी. ती मिळवायला कागद एकसारखा उजळून चालत नाही. दिवा कागदाच्या एका टोकाजवळ आणला की कागदावरच उजेड उतरत जातो आणि खोलगट पातं तो उतरता उजेड झेलतं.

शेवटचा उतार प्रत्यक्ष धारेचा. तो जेमतेम मिलिमीटरभर रुंद असतो, पण साधारण १५ ते २० अंशांनी कललेला, बाकीच्या पात्यापेक्षा कितीतरी तीव्र. त्याची नजर टेबलाच्या बाजूला, बरीच खाली जाते. धारेच्या बाजूला थोड्या अंतरावर, पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी सखल उभी केली की टोकापासून मुठीपर्यंत एक बारीक चमकती रेघ येते. ही पट्टी विसरली तर जगातला सर्वांत धारदार चाकूही फोटोत बोथट दिसतो.

४. पॉलिशच्या तऱ्हा

आतापर्यंत पातं शुद्ध आरसा मानलं. पण बहुतेक चांगल्या चाकूंवर आरशाचं पॉलिश नसतं. कारागीर पात्यावर लांबीच्या दिशेने हाताने पॉलिश पेपर फिरवतात, क्रमाने बारीक होत जाणारा. त्यातून केसासारख्या समांतर रेषा उमटतात आणि मऊ, रेशमी चकाकी येते. अशा पात्यावर प्रकाश एकाच अंगाने विखुरतो: रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीच्या दिशेने ते अजूनही आरसाच असतं. म्हणून रेषांना आडवा, म्हणजे पाठीकडून किंवा धारेकडून आलेला उजेड पातं सहज पकडतं आणि कागद थोडा चुकला तरी माफ करतं.

टोकाकडून आलेला उजेड मात्र चहाडी करतो. आधीच्या जाड पेपरची एखादी आडवी चिरी मागे राहिली असेल तर ती याच उजेडात पांढरी उठते, कारण ती प्रकाश नेमक्या दुसऱ्या अंगाने विखुरते. काम पूर्ण झालं की नाही हे पाहायला कारागिराने हा उजेड वापरावा. फोटोत तो ठेवायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या प्रामाणिकपणावर.

दमास्कस पोलादाचं गणित आणखी रंजक आहे. आजचे कारागीर दोन प्रकारच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचतात, भट्टीत तापवून घणाने एकजीव करतात, ताणतात, तोडतात, पुन्हा रचतात. (मध्ययुगात दमास्कसच्या नावाने गाजलेल्या तलवारींचं पोलाद वेगळं. ते मुशीत वितळवलेलं असे आणि त्याच्या लगडी दक्षिण भारतातून जात. थरांचं आणि मुशीचं पोलाद दिसायला भावंडं, जन्माने परकी.) सध्याची लोकप्रिय जोडी म्हणजे १०८४ आणि १५एन२०. पहिल्यात सुमारे ०.८ टक्के कार्बन, दुसऱ्यात सुमारे २ टक्के निकेल. तयार पातं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवलं की १०८४ चे थर खाल्ले जाऊन काळे आणि खरबरीत होतात. निकेलमुळे १५एन२० चे थर तग धरतात आणि चकचकीत राहतात. पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते ती या फरकातून.

फोटोच्या भाषेत सांगायचं तर एकाच पात्यावर दोन जाती नांदतात. काळे थर लाकडाच्या जातीचे, चकचकीत थर आरशाच्या जातीचे. पात्याला पांढरा कागद दाखवला की चकचकीत थर पांढरे होतात, काळे थर काळेच राहतात आणि नक्षी झळकते. काळा पुठ्ठा दाखवला तर चकचकीत थरही काळे पडतात आणि महिनाभराच्या मेहनतीची नक्षी गायब होते. दमास्कसच्या फोटोत नक्षी फिकी आली म्हणून संगणकावर कॉन्ट्रास्ट ताणत बसलेला माणूस दिसला तर त्याला कागद हलवायला सांगावं.

जपानी पद्धतीच्या पात्यांचं याच्या अगदी उलट. तिथे पाणी द्यायच्या आधी पात्याला मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. लाल तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की धार झपाट्याने थंड होऊन कठीण होते, पाठ सावकाश निवून चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर धुक्यासारखी एक रेषा उमटते, तिला हामोन म्हणतात. ती पाहायची पारंपरिक रीत अशी की तलवार दिव्याच्या दिशेने धरायची आणि पात्यातल्या दिव्याच्या प्रतिबिंबाच्या अगदी लगतच्या भागात पाहायचं. कारण हामोनचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात. भोवतीच्या पॉलिशमध्ये अंधार दिसत असेल तरच ते विखुरणं डोळ्यात भरतं. मोठा पांढरा कागद इथे घात करतो. त्याच्या उजेडात हामोन बुडून जातो. अंधारी खोली, पात्याला दिसेल असा काळा पुठ्ठा, आणि कडेला एकच लहान दिवा. तरीही एका फोटोत संपूर्ण हामोन क्वचितच येतो. जपानमध्ये ओशिगाता नावाची नोंद ठेवायची पद्धत म्हणूनच आजवर टिकली आहे: तलवारीवर पातळ कागद ठेवून मुठीतल्या भागावरची अक्षरं शाईच्या कांडीने घासून उमटवायची आणि हामोन डोळ्यांनी पाहत हाताने रेखाटायचा.

५. मूठ झाकून चालत नाही

मुठीला वेगळा न्याय लागतो. लाकूड, सांबरशिंग, कापड आणि राळ दाबून केलेलं मायकार्टा, ही सगळी विखुरणारी जात. त्यांना वरून पांढरा कागद दाखवून उपयोग नाही. पॉलिश केलेल्या लाकडावर तर त्याने दुधट झाक चढते आणि रेषा पुसट होतात. मुठीला बाजूने येणारा, थोडा तिरपा उजेड द्यावा. सांबरशिंगाच्या खाचा त्यात उठतात, लाकडाला खोली येते.

लाकडावरची दुधट झाक पोलरायझर फिल्टर फिरवून घालवता येते. तोच फिल्टर पात्यावरची चमक घालवील या आशेने बरेच जण तो विकत घेतात आणि निराश होतात. वार्निश, काच, पाणी यांच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश तिरप्या कोनातून पाहिला तर एका पातळीत बऱ्याच अंशी बांधलेला असतो, फिल्टर त्याला अडवतो. धातूवरून आलेला प्रकाश तसा बांधला जात नाही, फिल्टरला तो पकडता येत नाही. दिव्यावरही पोलरायझरची फिल्म लावली तर मात्र पोलाद काळं पडतं. तो उपाय रोगापेक्षा वाईट.

मुठीत कारागिरी सांध्यांमध्ये असते. पोलाद आणि लाकूड जिथे भेटतात तिथे फट आहे का, पितळी पिनांची डोकी लाकडाशी समतल आहेत का, मुठीच्या दोन्ही पट्ट्या पोलादाच्या पट्टीवर नीट बसल्या आहेत का. यासाठी एक पूर्ण फोटो पुरत नाही. दोन्ही बाजू, वरून पाठ, आणि गार्डपाशी, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधल्या धातूच्या आडव्या तुकड्यापाशी, पातं मुठीत शिरतं त्या जागेचा जवळून फोटो, एवढं तरी हवं. पाठीचा फोटो सहसा कोणी काढत नाही. पातं सरळ आहे की वाकडं, दोन्ही उतार सारखे आहेत की नाहीत, हे तो एकटा फोटो सांगतो.

६. कॅमेऱ्याबद्दल थोडंसं

मोबाइलची नेहमीची लेन्स बरीच रुंद पाहते. चौकट भरायला जवळ जावं लागतं, आणि जवळून काढलं की कॅमेऱ्याकडचं टोक फुगतं, लांबचं आखडतं. २ किंवा ३ पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरून मागे सरका. मोठ्या कॅमेऱ्यावर ८५ ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स या कामाला सर्वांत सोयीची. चाकू लांबट आणि चौकट आखूड, म्हणून तो कर्णावर ठेवला की मोठा दिसतो.

टोकापासून मुठीपर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल तर लेन्सचं छिद्र लहान करावं लागतं, एफ/८ ते एफ/११ पर्यंत. त्याहून फार लहान केलं, एफ/२२ वगैरे, तर प्रकाश छिद्राच्या कडांशी पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ होतो. छिद्र लहान केलं की उजेड कमी आत येतो, तो वेळेने भरून काढायचा. एफ/४ ला सेकंदाचा तिसावा भाग पुरत असेल तर एफ/५.६ ला पंधरावा, एफ/८ ला आठवा आणि एफ/११ ला पाव सेकंद. पाव सेकंद हात स्थिर राहत नाही. म्हणून ट्रायपॉड, आणि बटण दाबल्यावर २ सेकंदांनी फोटो निघेल असा टायमर.

कॅमेऱ्याचा स्वयंचलित उजेडमापक समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं मानतो. पांढऱ्या कापडावर चाकू ठेवला की तो कापड करडं करून टाकतो, काळ्या मखमलीवर ठेवला की मखमल करडी करायच्या नादात पातं जाळतो. पांढऱ्यावर उजेड हाताने वाढवा, काळ्यावर कमी करा. आणि खिडकीच्या उजेडात फोटो काढताना खोलीतला पिवळा दिवा बंद ठेवा, नाहीतर पातं अर्धं निळं आणि अर्धं पिवळं येतं.

७. एक खिडकी, एक थर्माकोल

ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडा. उत्तरेची असेल तर उत्तम. टेबल खिडकीला लागून. चाकू खिडकीला समांतर ठेवा, पाठ खिडकीकडे आणि धार खोलीकडे. पाठीखाली क्लेची गोळी. कॅमेरा ट्रायपॉडवर, चाकूच्या बरोबर वर, पाऊण-एक मीटर उंचीवर, लेन्स सरळ खाली पाहणारी. खोलीच्या बाजूने थर्माकोलची शीट चाकूवर तिरकी झुकवा, तिची वरची कड लेन्सच्या जवळ येईल पण आड येणार नाही अशी. खिडकीचा उजेड शीटवर पडतो आणि शीट पात्यात दिसते. मुठीला खिडकी थेट मिळते.

मग पडद्याकडे पाहत शीट सरकवा. उतार पेटतो, सपाट भाग विझतो, कधी उलट. रेघ जिथे सर्वांत स्वच्छ दिसते तिथे थांबा. पातं फारच पांढरं वाटलं तर शीटच्या एका कडेला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा. धारेची रेघ हवी असेल तर कागदाची अरुंद पट्टी खोलीच्या बाजूला टेबलावर उभी करा. काळा किंवा गडद रंगाचा शर्ट घाला. लाल शर्ट घातलेल्या माणसाचं पोलाद गुलाबी येतं.

८. धूळ पुसावी, फट पुसू नये

जवळून काढलेल्या फोटोत धुळीचा कण खड्ड्याएवढा दिसतो. आधी ब्लोअरने कण उडवा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने तेलाचे डाग काढा, शेवटी मायक्रोफायबरचं कापड. क्रम उलटा केला तर कापडाखाली सापडलेला कण पॉलिशवर ओरखडा काढतो. पुसताना कापड पाठीकडून धारेकडे न्यावं, उलट कधीच नाही.

त्यातूनही उरलेले कण संगणकावर पुसायला हरकत नाही, ते चाकूचे नव्हतेच. गार्ड आणि पातं यांच्यामधली केसाएवढी फट मात्र चाकूची आहे. ती फोटोतून मिटवली तर ग्राहकाने एक चाकू पाहिला आणि त्याच्या घरी दुसराच गेला असं होतं. पार्श्वभूमी बदलणं, उजेड सावरणं याला या व्यवसायात कोणी नाक मुरडत नाही. फटी, चिऱ्या आणि वाकडे उतार यांना हात लावणारा फोटोग्राफर कारागिरांच्या कानावर लवकर जातो.

फोटो झाले की चाकू तसाच पेटीत ठेवू नका. अल्कोहोलने त्याच्यावरचं तेल गेलेलं असतं, आणि मांडणी करताना बोटं लागलेली असतात. बोटांच्या घामात मीठ असतं. कार्बन पोलादाच्या पात्यावर, विशेषतः कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत, त्या ठशांच्या जागी पाहता पाहता तांबूस डाग उमटतात. पातं पुन्हा पुसा, मशीनच्या हलक्या तेलाचा पातळ हात फिरवा. चामड्याच्या म्यानात तर कार्बन पोलाद दीर्घकाळ ठेवूच नये. चामडं ओलावा धरून ठेवतं.